डॅन वेसनचं बॅरल बदलायला कुठला पाना घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे डॅन वेसन कंपनीचं जुनं .357 मॉडेल 15-2 रिव्हॉल्व्हर आहे. त्याचं बॅरल, म्हणजे नळी, तोंडाशी असलेला नट सोडवून बदलता येतं. मूळ पान्याचे दात झिजलेत. काल नट सोडवताना तो निसटला आणि बॅरलच्या तोंडाशी केसासारखा ओरखडा आला. जीव हळहळला. बाजारात लांब मुठीचे पाने दिसतात. घ्यावेत का?

उत्तर १ : घ्या, पण मूठ बघून भुलू नका. पान्याच्या मधोमध बॅरलच्या भोकात नीट बसणारी, पोलादापेक्षा मऊ धातूची खुंटी हवी. ती पाना सरळ धरते, म्हणून दात नटच्या खाचेतून निसटत नाहीत. खुंटी आपल्या कॅलिबरचीच (बॅरलच्या भोकाच्या मापाची) घ्या. मी पितळेची वापरतो. ओरखडा अगदी कडेवर असेल तर मात्र आधी जाणकार कारागिराला दाखवा, नेम तिथेच बिघडतो.

उत्तर २ : आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) विसरू नका! सिलिंडर आणि बॅरलमध्ये 0.006 इंच फट ठेवायची. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा बघा, गेज फटीत ठेवून बॅरल हातानेच टेकवा, मग बाहेरचं कवच, मग नट. नट आवळताना बॅरल किंचित फिरतं, म्हणून फट पुन्हा मोजा, सिलिंडरमधल्या गोळ्यांच्या सहाही घरांसमोर.

प्रश्नकर्ता : फट मी एकाच घरासमोर मोजत होतो. आज सहाही मोजतो. खुंटीवाला पाना मागवलाय.