६२ मुलं, २४ टॅबलेट, वाटप कसं करायचं? शनिवारच्या आत सांगा प्लीज

गणितवाली
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेला देणगीत २४ टॅबलेट आलेत. सातवीच्या दोन तुकड्या, ३१-३१ मुलं. मुख्याध्यापक म्हणतात प्रत्येक तुकडीतल्या पहिल्या १२ नंबरांना घरी देऊन टाकू, निकालही वर जाईल आणि वस्तूही नीट राहतील. मला हे अजिबात पटलेलं नाही पण शनिवारी मीटिंग आहे आणि तिथे "अन्याय होतोय" एवढंच बोलून भागणार नाही, हातात काहीतरी ठोस पाहिजे. चिठ्ठ्या टाकायच्या का? गरज बघून द्यायचे तर गरज मोजायची कशी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

खडूफळा
टॅबलेट नवे की वापरलेले? वर्गात नेट येतं का? घरी मोबाईल किती जणांकडे आहे? चार्जिंग कुठे करणार? यातलं काहीच लिहिलं नाहीये, उत्तर कशावर देणार?

जुना_पालक
घरी देऊ नका. माझ्या मुलीच्या शाळेत दिले होते, सोबत पालकांची सही घेतली की फुटला तर भरून द्यावा लागेल. ज्यांची परिस्थिती बेताची होती त्यांनी त्या सहीला घाबरून आठवड्याभरात परत आणून दिले. ज्यांच्या घरी आधीच लॅपटॉप होता त्यांच्याकडे वर्षभर राहिले. कागदावर सगळ्यांना सारखंच मिळालं होतं बरं का.

ऑफलाइन_अण्णा
कोलिब्री टाका, विषय संपला. फुकट आहे, नेट लागत नाही. एका कॉम्प्युटरवर धडे आणि सराव उतरवून ठेवायचे, तोच सर्व्हर, बाकीचे टॅबलेट वायफायने त्याला जोडायचे. प्रत्येक मुलाचं वेगळं खातं, त्यामुळे टॅबलेट कुठलाही उचलला तरी त्याचं काम तिथूनच पुढे चालू, आणि कोण कुठे अडलंय ते शिक्षकाला दिसतं. आम्ही दोन वर्षं वापरतोय.

गणितवाली
अण्णा धन्यवाद, पण माझा प्रश्न कुठलं ॲप हा नव्हता, कोणाला द्यायचे हा आहे.
खडूफळा, वापरलेले आहेत, एका ऑफिसने दिले. नेट फक्त शाळेच्या ऑफिसात. मोबाईलचं वर्गात हात वर करायला सांगितलं तर जवळजवळ सगळ्यांनीच केला.

निळी_शाई
ताई, हात वर करून हे विचारू नका. नाही म्हणायची लाज वाटते मुलांना, सातवीत तर फारच. कोऱ्या चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रश्न बदला, "घरी फोन आहे का" नको, "काल संध्याकाळी अभ्यासासाठी फोन किती वेळ तुझ्या हातात होता" असं. फोन असतो पण तो वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो किंवा तीन भावंडांत एक असतो.

आणि मीटिंगसाठी ठोस हवंय तर हे घ्या. दिल्लीत २०१५ साली शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत एक प्रयोग झाला, प्रवेश चिठ्ठ्या टाकूनच दिले होते. मुलाची पातळी ओळखून तिथून प्रश्न देणारं सॉफ्टवेअर ४५ मिनिटं आणि मग ४५ मिनिटं गटात शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही स्पष्ट सुधारलं. जी मुलं मागे होती त्यांची स्वतःच्या आधीच्या वेगाशी तुलना केली तर त्यांनाच जास्त फायदा झाला, कारण वर्गात त्यांना जवळपास काहीच मिळत नव्हतं. तुमच्या सरांना निकाल वर न्यायचाय ना? मग पहिले १२ नाही, शेवटचे १२ बघायला सांगा.

सरळ_रेघ
हुशार मुलांनी काय पाप केलंय? त्यांच्यातही गरीब घरची असतात. शेवटच्यांना बक्षीस मिळतं म्हटल्यावर मेहनत कोण करणार?

निळी_शाई
अहो बक्षीस कुठे, शिकायचं साधन आहे ते. पुस्तकं काय नंबरावर वाटता का?

खडूफळा
दोघंही थांबा. नुसता टॅबलेट हातात देऊन कोणीच पुढे जात नाही. पेरूमध्ये सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, भाषा आणि गणितात काही फरक दिसला नाही.

सरळ_रेघ
त्या खेड्यातल्या शाळा होत्या. इथे शहरातल्या शाळेचं चाललंय.

खडूफळा
खेड्यातल्या होत्या, मान्य. पण त्याचं कारण शहरालाही लागू आहे, मशीन आलं आणि शिकवणं होतं तसंच राहिलं.

आरोग्यम्
मुलांच्या डोळ्यांचा विचार कोणी करतंय का? दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघायला लावा. आणि टॅबलेटऐवजी एक मोठा डिजिटल बोर्ड जास्त चांगला.

ऑफलाइन_अण्णा
वापरलेले म्हणालात म्हणून विचारतो, २४ च्या २४ चालू करून बघितलेत? रीसेट केले का?

गणितवाली
हो परवा बसून रीसेट मारले. त्यातले ९ जुनं गूगल खातं मागतायत, पुढेच जात नाहीत. ते बघू नंतर असं ठरवलं होतं, वाटपाशी त्याचा काय संबंध?

ऑफलाइन_अण्णा
संबंध हाच की तुमच्याकडे २४ नाहीत, १५ आहेत! सेटिंगमधून खातं न काढता रीसेट केलं की अँड्रॉइड आधीच्या मालकाचं खातं मागतं, चोरीपासून बचावासाठी केलेली सोय आहे ती. दुकानात देऊन कुलूप तोडून घेऊ नका. देणाऱ्या ऑफिसला फोन करा, ज्याचं खातं होतं त्याने एकदा पासवर्ड टाकून मग सेटिंगमधून काढून टाकायचं. कुठल्याची बॅटरी फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावूच नका, बाजूला ठेवा.

जुना_पालक
मग १५ च धरा. ३१ मुलांत १४ जोड्या आणि एक तिघांचा गट, एक तुकडी एका वेळी बसते. टॅबलेट शाळेतच, कुलूपबंद कपाटात. घरचा प्रश्नच मिटला.

निळी_शाई
मिटला नाही, ज्यांना घरी काहीच नाही त्यांना शाळा सुटल्यावर एक तास जास्तीचा द्या, चिठ्ठीवरून नावं निघतीलच. आणि जोडीत दर १० मिनिटांनी टॅबलेट दुसऱ्याच्या हातात गेलाच पाहिजे, घंटा वाजवा. नाहीतर ज्याला येतं तोच बोट फिरवतो आणि दुसरा शेजारी बसून बघत राहतो, मी हे वर्षभर बघितलंय.

गणितवाली
आज चिठ्ठ्या घेतल्या. ६२ पैकी १९ जणांनी "अजिबात नाही" लिहिलंय, त्यातले दोघं पहिल्या १२ मधले आहेत आणि मला माहीतच नव्हतं. ऑफिसवाल्यांनी शुक्रवारी माणूस पाठवतो म्हटलंय. आता जास्तीच्या तासाला थांबायचं कोणी हे राहिलं. मी तीन दिवस थांबू शकते, उरलेल्या दिवसांचं कोणी कसं जमवलंय?

खडूफळा
दहावीची मुलं थांबतात का विचारा. आणि त्या १९ जणांत मुली किती, त्यांना उशिरा घरी जायला कितपत चालतं, ते आधी बघा.