मदत हवी आहे: सायलेन्सरच्या कामानंतर टर्बोची शिट्टी बंद, चढावर ओढही कमी

गाडी मारुती स्विफ्ट डिझेल, २००९ची, १.३ लीटर, साधा वेस्टगेटवाला टर्बो (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट त्याच्या बाजूने सोडणारी झडप). रनिंग १ लाख ८० हजार. पुढचा फ्लेक्सिबल पाइप फाटला होता, तो बदलला. त्याच वेळी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर गोळा करणारा पाइप) आणि टर्बोमधलं गॅस्केटही नवीन टाकलं. तेव्हापासून शिट्टी ऐकूच येत नाही. फाटका पाइप गेल्यामुळे आवाज कमी झाला असेल असं आधी वाटलं, पण खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला जी ओढ यायची ती येत नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा काळा धूर दिसतो.

एअर फिल्टर नवा आहे. इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होस आणि क्लिप तपासले, कुठे चीर नाही. टर्बोचा शाफ्ट बोटाने मोकळा फिरतो, खेळ जाणवत नाही. चेक इंजिन दिवा लागलेला नाही. स्कॅनरवर इंजिन बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमधलं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) प्रेशर ९५ केपीए (पुण्यात एवढंच येतं), फुल लोडवर जेमतेम १३०.

एक गोष्ट खटकते. नव्या गॅस्केटच्या कडेला नखाएवढी काजळी दिसली. पुसली, दोन दिवसांत परत आली. थंड इंजिनवर फटफट आवाज मात्र नाही.

गॅरेजवाले थेट टर्बो बदला म्हणतात. कारण कळल्याशिवाय एवढा खर्च करायचा नाही.

टर्बोच्या आधीच्या एवढ्याशा गळतीने बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) इतका पडू शकतो का, की काम करताना वेस्टगेट उघडा अडकला असेल? आणि अ‍ॅक्च्युएटरला (हवेच्या दाबाने वेस्टगेट उघडणाऱ्या डबीला) हातपंपाने हवा दिली तर दांडा साधारण किती प्रेशरला हलायला हवा?