कंबर धरली, मग काय केलंत? अनुभव सांगा

गेल्या मंगळवारी गॅसची टाकी सरकवायला वाकलो आणि तसाच राहिलो. बायकोने धरून पलंगावर नेलं. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय ठेवून जातोय आणि त्यातले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध. मेव्हणा म्हणतो अजिबात पुढे वाकू नका, शेजारचे काका म्हणतात गुडघे पोटाशी घेऊन पवनमुक्तासन करा. डॉक्टरांनी उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाचा अंगठा वर ओढायला लावला आणि म्हणाले, "उसण आहे, एक्स-रेसुद्धा नको. झोपून राहू नका, झेपेल तेवढं चाला." मला काही हे पटेना.

तुमचं काय झालं होतं? लिहिताना नेमकं कुठे दुखायचं, बसल्यावर की चालल्यावर, कळ पायात उतरायची का, तेही सांगा. नुसतं "मला कटिबस्तीने आराम पडला" यावरून मी काय ठरवणार?

*

मी चिपळूणकडची. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे घरटी एकाची तरी कंबर धरायची. माझी चुलती पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. उसण भरलेली माणसं तिच्यासमोर पालथी पडायची, ती पाठीला पाय लावायची, आणि खरंच बरी व्हायची हो! आता वाटतं, साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआपच उतरते. शिवाय लावणी थांबवून चालायचं नाही, म्हणून कुणी पडून राहायचंच नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक मात्र मी आजही घेते. बरं वाटतं, एवढंच म्हणेन.

*

पुणे, वय ४१, दिवसाचे नऊ तास खुर्ची. माझी कळ डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत जायची. शिंक आली की डोळ्यांत पाणी. एमआरआयमध्ये शेवटची चकती, एल-फाइव्ह एस-वन, सरकून नस दाबतेय असं आलं. रिपोर्टमध्ये खाली आणखी तीन चकत्यांबद्दल काहीबाही होतं, ते वाचून मी दोन रात्री झोपलो नाही.

एका सर्जनने पुढच्याच आठवड्याची तारीख दिली. दुसऱ्याने चवड्यांवर चालायला लावलं, ताकद शाबूत आहे हे पाहिलं आणि सहा आठवडे थांबू म्हणाला. बाकीच्या तीन चकत्यांबद्दल विचारलं तर हसला. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचा एमआरआय काढला तरी साधारण १०० पैकी ६० जणांत चकती फुगलेली दिसते, म्हणाला. हे रिपोर्टच्या तळाशी छापायला काय हरकत आहे?

फिजिओथेरपिस्टबाईंनी पोटावर झोपून कोपरांवर उठायचा व्यायाम दिला. दहा दिवसांनी पायातली कळ वर सरकत कुल्ल्यापर्यंत आली, पण कमरेतलं दुखणं वाढलं. मी घाबरलो, त्या खूश झाल्या. दुखणं पायातून कमरेकडे येणं ही चांगली खूण असते म्हणे. तसंच झालं. तीन महिन्यांत पाय मोकळा झाला, ऑपरेशन टळलं. चार हजारांचा पट्टा माळ्यावर पडलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीसाठी नको म्हणतात, हे मला पट्टा घेतल्यावर कळलं.

*

वरचा व्यायाम सरसकट करू नका. सासऱ्यांनी (वय ७२) कुणाचं तरी ऐकून भुजंगासन सुरू केलं आणि चालणंच बंद पडलं. त्यांची तऱ्हा उलटी: दोनशे पावलं चाललं की पाय भरून यायचे, कुठेतरी कट्ट्यावर बसलं की दोन मिनिटांत मोकळे. सायकल मात्र मैलभर चालवायचे, कारण सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो. मणक्यातली नळी अरुंद झाली होती. मागे वाकलं की ती आणखी आवळते.

*

बाळंतपणानंतर कंबर गेली ती "पाठीत सुई दिली म्हणून", असं मीही पाच वर्षं सांगत फिरले. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, वर्षानुवर्षं नाही. माझं कारण सुटलेलं पोट, कडेवरचं मूल आणि माझ्या उंचीला बुटका पडणारा ओटा. व्यायामाने फरक पडला. ओटा तसाच आहे, भाड्याचं घर.

*

सोलापूर. धाकट्या भावाची गोष्ट, वय २६. तीन महिने नुसत्या वेदनाशामक गोळ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळी कणकण, पँट ढिली झालेली. घरचे म्हणायचे, दुखण्याने जेवत नाही. मणक्याचा टीबी निघाला. खोकला कधीच नव्हता, म्हणून कुणाच्या मनातच आलं नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, पण वर्षाच्या वर घ्याव्या लागल्या. आता ट्रॅक्टर चालवतो. ताप किंवा वजनाची घट सोबत असेल तर तिला उसण म्हणू नका.

*

एकच भर घालतो. कंबरदुखीत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. मी पाहिली. ऑपरेशन झालं, पाय वाचले, लघवीचा त्रास राहिला.

*

मूळ प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार. अंगठा वर ओढायला का लावला, ते आता कळलं. नसेची ताकद पाहत होते. माझी कळ पायात नाही, ताप नाही, बाकी काही नाही. आज नवव्या दिवशी भाजी आणायला चालत गेलो, पिशवी दोघांनी धरली. टाकी परवा येणार आहे. ती आत आणून ठेवायला सांगणार.