धावताना घड्याळाची बटणं आपोआप दाबली जातात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी धुळ्याची, देवपूरला राहते. दीड वर्षापासून धावतेय आणि येत्या जानेवारीत आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, पळायची आहे. तयारी नीट चालू आहे. अडचण हातातल्या घड्याळाची आहे.

गेल्या रविवारी लाँग रन होता. पहाटे पाचला निघाले तेव्हा आग्रा रोडवर झाडू मारणाऱ्या मावश्या तेवढ्या जाग्या होत्या. लळिंगच्या दिशेनं ९ किलोमीटर गेले, तिथून परत फिरले. घरी येऊन पाहते तर घड्याळात ११.४२ किलोमीटर! येताना कुठेतरी ते पॉज झालं होतं आणि मला पत्ताच नाही. नकाशावर पुढचा सगळा रस्ता गायब, फाटकात पोहोचल्यावर मी बटण दाबलं तिथपर्यंत एक सरळ रेघ. त्याआधीच्या भागात भलतेच लॅप (घड्याळ वेगळे मोजतं ते धावेचे टप्पे) पडलेले, त्यातला एक तर ४ सेकंदांचा.

कुणी म्हणेल, पळालीस ना, मग झालं. पण आमचे कोच दर आठवड्याला पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) आणि नाडीचे आकडे बघून पुढचा आठवडा आखतात. आणि खरं सांगायचं तर, १८ किलोमीटर मी पहिल्यांदाच पळाले होते. ती नोंद मला हवी होती. मला खूप वाईट वाटलं.

घड्याळ पाच बटणांचं आहे. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. उजवीकडचं वरचं बटण सुरू आणि बंद करायचं, खालचं लॅपचं. मी ते डाव्या हातात घालते. पट्टा आवळून पाहिला तर मनगटावर पुरळ आलं. सैल केला तर घड्याळ घसरत हाताच्या पंजाकडे येतं आणि त्रास वाढतो. सध्या थंडी चांगलीच आहे, पहाटे पारा सात-आठवर असतो, म्हणून जॅकेटची बाही घड्याळावर ओढून पाहिली. त्यानं काहीच फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. दोन्ही हातांत काचेच्या दोन-दोन बांगड्या असतात. त्या मी काढणार नाही, हे माझं मी ठरवलेलं आहे. तेव्हा "बांगड्या काढा" सोडून दुसरा उपाय सुचवा. वाटेत पाणी मिळत नाही म्हणून अर्ध्या लिटरची बाटलीही हातात असते, त्यामुळे सारखं घड्याळाकडे बघणं जमत नाही.

लॅपचं बटण कायमचं बंद करता येतं का? बुधवारी ४०० मीटरच्या ट्रॅकवर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं) असतात, तिथे मात्र ते लागतं. आणि गेलेले साडेसहा किलोमीटर परत मिळवता येतील का?

प्रतिसाद, जळगाव

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते वाईट आहे. पॉज असताना घड्याळ वाट नोंदवतच नाही, त्यामुळे जे लिहिलंच गेलं नाही ते परत येणार नाही. त्या नोंदीखाली "प्रत्यक्षात १८ किमी, घड्याळ पॉज झालं" असं लिहून ठेवा आणि कोचना सांगा. त्यांना तेवढं पुरेल.

आता लॅप. तुम्ही सांगितलेली रचना गार्मिन कंपनीच्या फोररनर घड्याळासारखी वाटते. तसं असेल तर धावण्याची ॲक्टिव्हिटी उघडा, डावीकडचं मधलं बटण दाबून धरा, सेटिंग्जमध्ये जा, तिथे लॅप्समध्ये 'लॅप की', म्हणजे लॅपचं बटण, बंद करा. मॉडेलप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतील. महत्त्वाचं म्हणजे ही सेटिंग त्या एका ॲक्टिव्हिटीपुरतीच असते. म्हणून लाँग रनसाठी 'रन'मध्ये ती बंद ठेवा आणि बुधवारी 'ट्रॅक रन' निवडा, तिथे चालू राहू द्या. दर किलोमीटरला आपोआप पडणारा ऑटो लॅप वेगळा, त्याला धक्का लागत नाही.

यानं पॉजचं बटण मात्र बंद होत नाही. त्यासाठी एक सवय लावून घ्या. मी मेहरूण तलावाच्या फेऱ्या मारतो तेव्हा घड्याळाकडे बघत नाही, पण दर किलोमीटरला ते थरथरतं त्याकडे लक्ष असतं. तुमचा किलोमीटर सात-साडेसात मिनिटांचा असेल आणि आठ मिनिटं झाली तरी हाताला काही जाणवलं नाही, तर लगेच बघा. फार तर एक किलोमीटर बुडेल, सहा नाही.

प्रतिसाद, अमळनेर

राम राम ताई. बाटली कोणत्या हातात असते?

तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला सगळं दुखणं तिथेच दिसतंय. घड्याळ डाव्या हातात असलं की सुरू-बंदचं आणि लॅपचं, दोन्ही बटणं पंजाच्या बाजूला येतात. भरलेली बाटली धरून कोपर दुमडलं की मनगट मागे वाकतं आणि पंजाची मागची बाजू थेट बटणावर टेकते. चढाला गुडघ्यावर हात टेकला तरी तेच. जोर काढताना, म्हणजे पुशअप्स करताना, हाच त्रास खूप जणांना होतो.

घरी करून बघा. घड्याळ घाला, भरलेली बाटली डाव्या हातात धरा आणि आरशासमोर दोन मिनिटं जागच्या जागी पळा. मग घड्याळ काढून हाताची मागची बाजू उजेडात धरा. माझ्या हातावर बटणाचा छाप उमटला होता.

प्रतिसाद, भुसावळ

गार्मिनमध्ये ऑटो लॉक पण असतं बघा, सिस्टीमच्या सेटिंग्जमध्ये. 'ॲक्टिव्हिटी चालू असताना' असा पर्याय निवडला की धावताना बटणं आपोआप लॉक होतात. सगळ्या मॉडेलांत नसेल, पण साधं लॉक तरी असतंच. डावीकडचं वरचं बटण दाबून धरलं की जो मेनू येतो त्यात मिळेल.

माझं घड्याळ कोरोस कंपनीचं आहे. ते स्वतःच लॉक होतं, बाजूची चकती फिरवल्याशिवाय किंवा दाबून धरल्याशिवाय उघडत नाही. ॲपल वॉचवाल्यांनी लक्षात ठेवावं की बाजूचं बटण आणि क्राऊन (फिरवायची गोल चावी) एकदम दाबले गेले की वर्कआउट पॉज होतो, हातमोजे घातल्यावर हे सहज होतं. बदलायचं असेल तर कोरोसचा विचार करा.

धागाकर्ती

घड्याळ बदलायचं नाही. मुलीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलंय.

अमळनेरच्या दादा, बाटली डाव्याच हातात असते. उजवा हात नाक-घाम पुसायला मोकळा ठेवते. आत्ताच आरशासमोर पळून आले आणि हाताच्या मागे मुगाच्या दाण्याएवढा लाल ठिपका आहे! बरोबर लॅपच्या बटणाच्या जागी. दीड महिना मी बांगड्यांना दोष देत होते.

प्रतिसाद, अमळनेर

तुमनी गोष्ट खरी शे, पण बांगड्याही पूर्ण सुटलेल्या नाहीत. त्या घड्याळाच्या कोणत्या बाजूला असतात? पंजाकडे असतील तर हात हलला की बटणावर आपटणारच. कोपराकडे घ्या. बाटली उजव्या हातात द्या. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा, तिथे पट्टा फार आवळावा लागत नाही आणि नाडीही नीट मोजली जाते. एवढं करूनही जमलं नाही तर घड्याळ उजव्या हातात घाला. मग ती दोन्ही बटणं कोपराच्या बाजूला जातात आणि पंजा तिथे पोहोचतच नाही. ॲपमध्ये कोणतं मनगट ते तेवढं बदला.

धागाकर्ती (आठ दिवसांनी)

काय झालं ते सांगते. लॅप की 'रन'मध्ये बंद केली, बाटली उजव्या हातात घेतली, घड्याळ बोटभर वर. बांगड्या कोपराकडे घेतल्या तर त्या डावीकडच्या बटणांवर वाजायला लागल्या, मधेच दिवा लागायचा आणि पान बदलायचं. मग जुन्या मोज्याचा वरचा लवचिक भाग कापून त्याची दोन बोटं रुंद पट्टी केली आणि बांगड्या त्याखाली घेतल्या. हलत नाहीत, वाजत नाहीत, थंडीत फुटायची भीतीही कमी.

काल १६ किलोमीटर पळाले आणि १६ लॅप पडले. एकदाच पॉज झालं, तेही तोंडावरचा स्कार्फ डाव्या हातानं खाली ओढताना. आठ मिनिटांच्या युक्तीनं लगेच कळलं. जळगावच्या दादा, तुमचे खूप आभार.

आता एकच विचारायचं आहे. शर्यतीच्या दिवशी लॉक लावू का? शेवटच्या रेषेवर थकलेल्या हातांनी लॉक उघडलंच नाही तर?

प्रतिसाद, जळगाव

लावा. तुमची अधिकृत वेळ बिबवरच्या (छातीवर लावायच्या नंबरावरच्या) चिपनं मोजली जाते, घड्याळ दहा सेकंद उशिरा थांबलं तरी काही बिघडत नाही. रेषा ओलांडा, बाजूला व्हा, मग निवांत उघडा. स्टार्टला मात्र घड्याळ सुरू झालंय हे बघून मगच लॉक करा, तिथल्या रेटारेटीत कोपरं फार लागतात. आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काहीच करायचं नाही, लॉकसुद्धा नाही. आधी दोन-तीनदा सराव करा.

धागाकर्ती

चालेल. शनिवारी नकाणे तलावाकडे लॉक लावून ८ किलोमीटर पळते आणि हातमोजे घालूनच उघडून बघते. जमलं की नाही ते इथेच लिहीन.