डोंबिवलीतला आईबाबांचा फ्लॅट विकायचाय, आधी कुठे खर्च करावा?

ओंकार_नाशिक
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, बाबांनी १९९३ साली घेतलेला. तिसरा मजला, वर थेट गच्ची, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, त्यामुळे घर दोन वर्षं बंद. बेडरूमच्या छताला ओल आहे, संडास भारतीय पद्धतीचा, ओटा कडाप्प्याचा. एजंट म्हणतो, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करा, पाच लाख जास्त येतील. माझी तयारी दीड लाखाची. ज्यांनी अलीकडे जुनं घर विकलंय त्यांनी सांगा, कशाचे पैसे वसूल होतात?

वृंदा_ठाकुर्ली
ओंकार, गेल्या वर्षी आम्ही सासूबाईंचं घर विकलं, तेही वरच्याच मजल्यावरचं. काम मी तिथे उभं राहून करून घेतलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

किचनवर पैसे घालू नका. घेणारे ते आपल्या सोयीने तोडून नवं करतात. आमच्याकडे अकरा कुटुंबं येऊन गेली, ट्रॉल्यांबद्दल एकानेही विचारलं नाही. छताकडे मात्र प्रत्येकाने पाहिलं. एका आजोबांनी बेडरूमची भिंत तळहाताने दाबून पाहिली आणि जाताना खालच्या घराची बेल वाजवून "वरून गळतं का हो?" असं विचारून गेले.

तेव्हा आधी ओल. इथे मी चुकले. गळती तशीच ठेवून भिंतीवर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारून घेतला. दीड महिन्यात लोणा फुटून पोपडे सुटले, १९,००० रुपये गेले. तुमचं पाणी गच्चीतून येत असेल तर गच्चीचा खर्च तुमचा नाहीच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (मॉडेल बाय-लॉज) गच्चीची गळती काढणं सोसायटीचं काम आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ते काम झालं की सुटलेला गिलावा खरवडून काढा आणि भिंत पुरती सुकू द्या. आम्ही भर उन्हाळ्यात पाच आठवडे थांबलो. रंग त्यानंतर.

मग संडास. कमोड बसवाच. घर बघायला तरुण जोडपी आली तरी सोबत त्यांचे आईवडील असतात, आणि दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढलेला माणूस आत आल्यावर पहिल्यांदा तेच बघतो. फरशी फोडली की जुनं वॉटरप्रूफिंगही जातं. ते नव्याने करा, पाणी तुंबवून ठेवा, दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या घरी जाऊन स्वतः छत बघा, मगच टाइल्स लावू द्या. प्लंबर घाई करेल, ऐकू नका. आम्हाला हे सगळं ६२,००० ला पडलं.

मोझाईक फरशी असेल तर उखडू नका, मशीनने पॉलिश करून घ्या. आमची फरशी इतक्या वर्षांनी तिच्या मूळ हिरवट रंगात दिसली. सासूबाईंनी ती बघायला हवी होती, असं फार वाटलं.

आणि घर बंद आहे म्हणताय, तर नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालचं, पाणी सुकून गटाराचा वास वर येत असणार. कुणाला तरी किल्ली देऊन आठवड्यातून एकदा सगळे नळ सोडायला सांगा. वास आला की माणूस दारातूनच मागे फिरतो.

अविनाश_के
वृंदाताईंशी सहमत. एक भर: सगळ्या खर्चाची बिलं ठेवा. विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना संडास नव्याने बांधणं हे घराच्या सुधारणेच्या खर्चात धरता येऊ शकतं, नुसता रंग आणि डागडुजी नाही. घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून भांडवली नफा काढताना १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. व्हॅल्युअरकडून तो दाखला काढून घ्या आणि सीएला भेटा.
सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आहे? आई फक्त नॉमिनी असतील तर तेवढ्याने मालकी येत नाही. भावंडं असतील तर त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. घेणारा कर्ज काढतो, तेव्हा बँकेचा वकील हेच आधी विचारतो.

सुमेध७
ओट्याबद्दल माझं मत वेगळं. आम्ही जुन्या कडाप्प्यावर ग्रॅनाइट बसवलं, नवं सिंक आणि नळ टाकला. बाकी किचन तसंच. १८,००० त स्वयंपाकघर उजळलं. आणि जाहिरात दसऱ्याच्या आधी तयार ठेवा. पितृपक्षात लोक घर बघतात, टोकन कुणी देत नाही.

वृंदा_ठाकुर्ली
सुमेध, ग्रॅनाइटचं पटलं. पण ओल आणि संडास उरकून पैसे उरले तरच.

ओंकार_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. अविनाशजी, सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर आहे. धाकटी बहीण पुण्यात असते, आज रात्रीच तिच्याशी बोलतो. शनिवारी डोंबिवलीला जातोय. फरशी मोझाईकच आहे. गच्चीचा अर्ज लिहून नेतो, आणि आधी खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत बघतो.