मदत हवी आहे : 'प्लाटून सार्जंट मेजर' या हुद्द्याला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

एका ब्रिटिश सैनिकाच्या आठवणींचा मराठी अनुवाद करतोय. काळ मे-जून १९४०, डंकर्कची माघार. एका हुद्द्यापाशी पंधरा दिवस अडून बसलोय.

आठवणींत एक माणूस पानोपानी येतो. तीसेक जवान त्याच्या हाताखाली आहेत, हुकूम तोच देतो, पण तो अधिकारी नाही. हुद्दा 'प्लाटून सार्जंट मेजर'. आधी मला वाटलं, लेखकाची स्मृती दगा देतेय. सार्जंट मेजर असतो कंपनीला, म्हणजे मोठ्या तुकडीला; प्लाटूनला, म्हणजे तिच्यातल्या तीसेक जणांच्या तुकडीला, असतो तो साधा सार्जंट. मग खोदत गेलो.

ब्रिटिश सैन्यात १९१५ पासून वॉरंट ऑफिसरच्या दोन श्रेणी होत्या. हे लोक सार्जंटच्या वर, पण कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, मिळालेल्या अधिकाऱ्याच्या खाली. १९३८ साली, लेस्ली होअर-बेलिशा युद्धमंत्री असताना, तिसरी श्रेणी काढली गेली. पायदळात तिचं नाव प्लाटून सार्जंट मेजर, घोडदळ-तोफखान्यात ट्रूप सार्जंट मेजर. कोवळ्या लेफ्टनंटकडे असायची ती प्लाटून आता वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या सार्जंटच्या हाती द्यायची, हा हेतू. कनिष्ठ अधिकारी कमी पडत होते आणि अनुभवी माणसांना वर सरकायला वाट नव्हती, असं दोन्हीकडून होतं. पण १९४० मध्येच नव्या नेमणुका थांबवल्या. युद्ध सुरू झाल्यावर तरुणांना भराभर कमिशन मिळू लागलं आणि या श्रेणीतल्या बऱ्याच जणांना कमिशन किंवा वरची श्रेणी मिळाली. म्हणजे उणीपुरी दोन वर्षं, आणि त्यातच फ्रान्सची लढाई.

या माणसांनी लेफ्टनंटची जबाबदारी उचलली, पण लेफ्टनंटचा मान त्यांना नव्हता. अनुवादात ही गोष्ट हरवली तर त्यांच्यावर अन्याय होईल, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकात १९३९ चा एक फोटो आहे. दुसऱ्या रांगेतल्या एकाच्या बाहीवर मनगटाजवळ नुसता मुकुट दिसतो. मी खाली 'कंपनी सार्जंट मेजर' असं लिहूनही टाकलं होतं. भिंगातून पुन्हा पाहिलं, मुकुटाभोवती पानांचं कडं नाही. १९३८ पूर्वी नुसता मुकुट कंपनी सार्जंट मेजरचा, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या वॉरंट ऑफिसरचा, होता. नवी श्रेणी आल्यावर तो तिला दिला आणि दुसऱ्या श्रेणीच्या सगळ्यांना कड्यातला मुकुट आला. म्हणजे हाच तो आपला माणूस!

आता अडचण. संपादक म्हणतात, सरळ 'जमादार' लिहा, वाचकाला लगेच कळेल. मला ते पटत नाही, पण नेमकं का ते त्यांना सांगता येत नाहीये. सध्या मी 'पलटणीचा सार्जंट मेजर' लिहिलंय. फौजेत नोकरी केलेल्या किंवा लष्करी इतिहास वाचणाऱ्या कुणी सुचवावं.

प्रतिसाद १

दादा, आधी 'पलटण' काढा. शब्द मूळचा 'प्लाटून'चाच भाऊ, पण आपल्याकडे पलटण म्हणजे बटालियन, सात-आठशे माणसं. 'पलटण मागे हटली' असं लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र येईल.

जमादाराबद्दल : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत जमादार होते, म्हणून सांगते. ब्रिटिश हिंदी सैन्यात प्लाटून जमादारच सांभाळायचे, तेव्हा काम तेच, संपादकांचं तेवढं बरोबर. पण जमादाराकडे व्हाइसरॉयचं कमिशन असायचं, हिंदी जवान त्यांना सॅल्यूट करायचे. तुमच्या माणसाकडे फक्त वॉरंट, म्हणजे कमिशनहून खालच्या दर्जाचं नेमणूकपत्र. शिवाय १९६५ मध्ये जमादाराचं 'नायब सुभेदार' झालं, आजच्या तरुण वाचकाला जमादार म्हटल्यावर फौज आठवेलच असं नाही. हुद्दा आहे तसाच ठेवा, 'प्लाटून सार्जंट मेजर'. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात तो मुकुट दाखवा आणि पुढे नुसतं 'सार्जंट मेजर' चालू द्या.

धागाकर्ता

ताई, फार मोठी मदत झाली. कमिशन आणि वॉरंट हा फरक आता संपादकांना नीट सांगता येईल. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. आत्ताच शोधून पाहिलं, 'पलटण' तब्बल एकोणीस ठिकाणी आहे, आज रात्री सगळी बदलतो. पहिल्या प्रवेशाचं वाक्य असं केलंय : "त्याच्या बाहीवर मुकुट होता, खांद्यावर तारा नव्हता; तरी आम्ही तीस जण त्याच्या शब्दावर चालत होतो."

एक राहिलंच. पुढच्या प्रकरणात तोफखान्यातला ट्रूप सार्जंट मेजर येतो. तिथे 'ट्रूप' तसंच ठेवू की तोफखान्यातली मंडळी मराठीत वेगळं काही म्हणतात? देवळालीला नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.