दंतकथा साक्ष देऊ शकते का? अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या कथा आणि आपला हट्ट

मीनल_ग:
मागच्या महिन्यात कोपॅलिस नदीत कयाक घेऊन गेलो होतो, वॉशिंग्टन राज्यात, समुद्राला अगदी लागून. तिथे दलदलीत रेड सीडरचे वाळके बुंधे उभे आहेत, साल गेलेली, रंग राखाडी, फांद्या नावालाच, आणि हे असे ३०० वर्षं उभे आहेत. मोठ्या भूकंपात जमीन एका झटक्यात खचली, खारं पाणी मुळांत शिरलं आणि झाडं जागच्या जागी मेली. खोडातलं वाढीचं शेवटचं वर्तुळ १६९९ चं.

ब्रायन अॅटवॉटर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या किनाऱ्यावरच्या खचलेल्या जमिनीचा पुरावा मांडला, पुढे १९९६ मध्ये केंजी साताके वगैरे भूकंपतज्ज्ञांनी जपानच्या जुन्या दप्तरांतून त्या भूकंपाची नेमकी तारीख काढली, २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमाराला. जपानला भूकंप जाणवलाच नव्हता, नुसती लाट येऊन घरं घेऊन गेली होती, कुठून आली ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझा मुद्दा. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या पचीना बे इथे हू-आय-आट लोक राहतात. त्यांच्या एका सरदाराने १९६४ मध्ये सांगून ठेवलंय की रात्रीची वेळ होती, जमीन हलली, मोठी लाट किनाऱ्यावर आदळली, खालचं अख्खं गाव गेलं, कुणाला पळायलाही वेळ मिळाला नाही, फक्त टेकडीला टेकून असलेल्या घरातली माणसं वाचली कारण पाणी तिथवर पोचलं नाही. १९६४! तेव्हा एकाही शास्त्रज्ञाला हा भूकंप माहीत नव्हता. तरी आपण याला दंतकथाच म्हणत राहायचं? मला हे पटत नाही, ही साक्ष आहे आणि ती साक्ष म्हणूनच ऐकली पाहिजे.

शंतनू_के:
मीनलताई, फोटो असतील तर टाका नक्की. पण मुद्दा मला मान्य नाही.

जुळलेल्या कथा तेवढ्या तुम्ही सांगताय, न जुळलेल्यांचं काय? त्याच किनाऱ्यावरच्या मकाह लोकांनी १८६४ मध्ये तिथले शिक्षक जेम्स स्वान यांना सांगितलेली गोष्ट घ्या, ती याच प्रकरणात नेहमी पुढे केली जाते. पाणी ओसरलं, नीआ बे चार दिवस कोरडी पडली, पाणी कोमट झालं, मग लाटाबिटा काही न येता हळूहळू चढलं आणि होड्या झाडांत अडकल्या. झाडांतल्या होड्या ठीक, पण त्सुनामीत खाडी चार दिवस कोरडी राहते का? आणि त्यात भूकंपाचा उल्लेखच नाही. म्हणजे जुळेल ते उचलायचं, बाकीचं काव्य म्हणून सोडून द्यायचं.

शिवाय या किनाऱ्यावरच्या कथांतली गर्जनापक्षी (थंडरबर्ड) आणि देवमाशाची झुंज म्हणजे भूकंप आणि त्सुनामी असं आता सगळीकडे लिहितात. गर्जनापक्षी लाकोटा लोकांकडेही आहे हो, तिथे समुद्र हजार मैल लांब आहे, तिथे तो वादळाचाच पक्षी आहे.

खडकवेडा:
दोघांच्या मधे पडतो. लोणारचं उदाहरण घ्या, लवणासुराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण उल्का पडली ती कमीत कमी ५० हजार वर्षांपूर्वी, नवीन मोजणीत तर साडेपाच लाखांच्या वर जातं, म्हणजे ते बघून कुणी कथा सांगत आलं असेल हे शक्यच नाही, खड्डा बघून कथा रचली. इथवर शंतनूचं बरोबर.

पण ओरेगॉनच्या क्रेटर लेकचं तसं नाही. क्लॅमथ लोक सांगतात की पाताळाचा ल्लाओ आणि आकाशाचा स्केल यांची लढाई झाली, आगीचा वर्षाव झाला आणि ल्लाओचा डोंगर त्याच्यासकट आत कोसळला, मग त्या खड्ड्यात पाणी साठलं. माझामा ज्वालामुखी सुमारे ७७०० वर्षांपूर्वी फुटला आणि खरंच आत कोसळला, वर सुळका जाऊन खाली ५९४ मीटर खोल तळं उरलं. नुसतं तळं बघणाऱ्याला इथे आधी डोंगर होता हे कसं सुचेल? आणि तेव्हा तिथे माणसं होतीच. पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना १९३८ मध्ये ओरेगॉनच्याच फोर्ट रॉक गुहेत सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला मिळाल्या, डझनावारी, आणि त्या माझामाच्या राखेच्या थराखाली होत्या.

मीनल_ग:
शंतनू, चार दिवसांचा मुद्दा बरोबर पकडलात, तो मी सोडून द्यायला नको होता. पण बघा, कोर्टात साक्षीदार वेळेत चुकला म्हणून आपण घटना घडलीच नाही असं म्हणत नाही, त्याला उलटतपासणीत प्रश्न विचारतो. गर्जनापक्षी मी आणलाच नव्हता, मी जागा, वेळ आणि वाचलेलं घर सांगणारी गोष्ट आणली होती. सगळ्या कथा एका टोपलीत टाकू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि या कथा शेकोटीभोवती कुणीही कशाही सांगाव्यात अशा नसतात. ब्रिटिश कोलंबियातल्या गित्सान लोकांकडे अदाव्क असतो, घराण्याचा इतिहास, तो त्या घराण्याच्या मालकीचा, दुसऱ्याने सांगायचा नाही. मोठ्या मेजवानीत, म्हणजे पॉटलॅचमध्ये, दुसऱ्या कुळातल्या पाहुण्यांसमोर तो सांगायचा, पाहुणे साक्षीदार म्हणून येतात आणि त्याबद्दल त्यांना भेटी द्याव्या लागतात. चुकीचं बोललात तर ते सगळ्यांदेखत हटकणार! कॅनडा सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅचवर बंदी घातली होती, म्हणजे इतिहास जिथे तपासला जायचा ती जागाच बंद केली, आणि नंतर यांच्याकडे पुरावा नाही म्हणून यांनाच नाकारलं. याचा मला खरंच राग येतो.

गित्सान लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी लढवलेल्या देल्गामूक खटल्यात तर एका म्हाताऱ्या गित्सान बाईंना अदाव्कमधलं गाणं म्हणायचं होतं आणि न्यायाधीश म्हणाले मला गाण्याचा कान नाही, गाऊन उपयोग नाही. तरी त्या गायल्या. १९९१ ला निकाल विरोधात गेला. त्याच खटल्यात तळ्यातून निघून झाडं उपटत आलेल्या महाकाय अस्वलाचा अदाव्क होता, आणि भूगर्भतज्ज्ञांनी तिथे साधारण ३५०० वर्षांपूर्वी मोठी दरड आल्याचा पुरावा मांडला होता. शेवटी १९९७ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मौखिक इतिहासाला कागदपत्रांच्या बरोबरीने तोललं पाहिजे.

शंतनू_के:
पॉटलॅचमधल्या साक्षीदारांचं मला माहीत नव्हतं, ते वजनदार आहे, मानतो.

पण मग मेक्सिकोचं सांगा. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस आला तेव्हा अॅझ्टेकांना तो परत आलेला देव केत्सालकोआत्ल वाटला, हे शाळेपासून सगळ्यांनी वाचलंय, आणि तेही मूलनिवासींच्या तोंडून आलेलं म्हणूनच सांगतात. प्रत्यक्षात कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रांत केत्सालकोआत्लचं नावसुद्धा नाही. ही गोष्ट लिहिली गेली ती काही दशकांनी, पाद्र्यांच्या हाताखाली शिकलेल्या नाहुआ, म्हणजे अॅझ्टेकांचीच भाषा बोलणाऱ्या, पोरांकडून, हरलो कसे याचं उत्तर शोधताना. एका पिढीत एवढं बदलतं, तर ७७०० वर्षांत काय काय बदललं असेल? माझी भीती हीच आहे, उद्या कुणीही उठून आमची कथा हाच पुरावा म्हणेल.

तारा_मावशी:
शंतनूबाळा, भीती रास्त आहे, पण केत्सालकोआत्लच्या गोष्टीचा फायदा कुणाला झाला ते बघ ना. जिंकणाऱ्याला. म्हणून ती पाचशे वर्षं कुणी तपासली नाही, आणि केनेविकच्या माणसाच्या वेळी मात्र हरलेल्यांची गोष्ट लगेच फेटाळली. १९९६ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी साधारण ८५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. उमाटिला वगैरे जमाती म्हणाल्या हा आमचा पूर्वज, आम्ही इथलेच, आमच्या कथा तेच सांगतात, याला परत मातीत जाऊ द्या. २००४ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने त्या कथा पुराव्यात धरायला नकार दिला. २०१५ मध्ये डीएनए आला आणि तो त्यांच्याच जवळचा निघाला. २०१७ च्या फेब्रुवारीत जमातींनी त्याला पुरलं, कुठे ते बाहेर सांगितलं नाही. वीस वर्षं ते माणूस खोक्यात होतं रे.

शंतनू_के:
मावशी, नातं जुळलं, पण आम्ही सृष्टीच्या सुरुवातीपासून इथेच आहोत हे डीएनएने सिद्ध केलं नाही. तो फरक मी सोडणार नाही. मात्र कोर्टाने ऐकूनच न घेणं चूक होतं, त्याला माझा पाठिंबा नाही.

मीनल_ग:
ऐकून घेणं एवढंच मी पण मागत होते.

आणि हू-आय-आट लोकांनी ही कथा नुसती सांगून सोडली नाही. त्यांचं मोठं सभागृह खाडीकाठी नाहीये, वर टेकडीवर आहे, त्सुनामीचा इशारा आला की खालच्या अनाक्ला गावातले लोक पोराबाळांना घेऊन तिकडेच चढतात.